चूल वेगळी, अंगण एकच

"आधी पॉवर सप्लाय उघडून पाह्य," असं दुरुस्तीवाल्या काकांनी दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नाही. खामगावातल्या आमच्या घरी, मे महिन्यातल्या एका दुपारी, चाळीस वर्षांचा बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. त्याने आपला ठरलेला दुहेरी आवाज काढला, आधी जाड 'बूऽ', मग बारीक 'बीप'. मी खूश. दहाएक मिनिटांनी डावीकडच्या फटींतून पांढरा, उग्र, डोळ्यांत जाणारा धूर यायला लागला. गंमत म्हणजे पडद्यावरची अक्षरं जागची हललीसुद्धा नाहीत.

काका आले, हुंगले आणि म्हणाले, "म्या सांगतलं होतं ना बाप्पा. मशीन नाही गेलं, त्याचा फटाका वाजला फक्त."

हा फटाका म्हणजे पॉवर सप्लायच्या तोंडाशी बसवलेला एक कपॅसिटर. मशीनमधला विजेचा गोंगाट बाहेरच्या तारांत जाऊ नये म्हणून तो तिथे असतो. धातूचा मुलामा दिलेला कागद गुंडाळायचा आणि वरून पारदर्शक कवच ओतायचं, अशी त्याची घडण. वर्षं गेली की कवचाला बारीक तडे जातात, पावसाळ्यातली ओल कागदात शिरते, आणि मग एका दिवशी २३० व्होल्ट त्या ओलीतून वाट काढतात. मशीन चालूच राहतं, कारण तो कपॅसिटर त्याच्या कामाच्या वाटेवर नसतोच. असे दोन होते. काकांनी दोन्ही बदलले, आणि "आता काय जोडाचं ते जोड," म्हणून परवानगी दिली.

जोडायचा होता दुसरा प्रोसेसर.

या कॉम्प्युटरच्या नावात बीबीसी असलं तरी तो बनवला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने. ब्रिटनच्या प्रसारण संस्थेला संगणक साक्षरतेवर दूरचित्रवाणी मालिका करायची होती आणि तिच्या जोडीला घरात, शाळेत ठेवता येईल असं एक यंत्र हवं होतं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेलं हे यंत्र डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडे ते आलं सरकारी वाटेने. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशभरातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र 'युनिकॉर्न' नावाने इथे तयार केलं. चपला बाहेर काढून, हात पुसून, संगणकाच्या खोलीत रांगेने जाणाऱ्या पिढीतल्या पुष्कळांनी आयुष्यातली पहिली 'प्रिंट' आज्ञा याच तपकिरी-काळ्या कळांवर टाइप केली. माझा नग पुण्याच्या जुन्या बाजारातला. वायरींच्या गाठोड्यासकट घेतला आणि रेल्वेने शेगावपर्यंत मांडीवर आणला.

यंत्र उलटं केलं की पुढच्या कडेखाली पिनांच्या रांगा दिसतात. डिस्कसाठी ३४ पिना, प्रिंटरसाठी २६, आणि एका चाळीस पिनांच्या रांगेखाली लिहिलेलं असतं: ट्यूब. माझ्या नगात त्या पिनांवर नुसती धूळ होती. टूथब्रशने झाडली.

दुसरा प्रोसेसर कशाला हवा, हे कळायला आधी पहिल्याची अडचण समजून घ्यावी लागते. बीबीसी मायक्रोच्या पोटात ६५०२ नावाचा प्रोसेसर आहे. त्याला पत्ता सांगण्यासाठी १६ तारा आहेत, म्हणजे ६५,५३६ घरांपलीकडे तो काही पाहूच शकत नाही. या ६४ किलोबाइटच्या गावठाणात अर्धी जागा कायमची वाटली गेलेली आहे: १६ किलोबाइट बेसिक भाषेला, १६ यंत्राच्या मूळ कारभाराला. उरलेल्या ३२ मध्ये आपण राहायचं. त्यातही पडद्यावर ८० अक्षरांची ओळ आणि तिच्यासोबत रेखाचित्रंही हवी असतील तर पडद्याचं चित्र साठवायलाच २० किलोबाइट जातात. डिस्क जोडली की तिचा कारभारी आणखी जागा अडवतो. या अवस्थेत यंत्राला विचारलं, 'प्रिंट हायमेम वजा पेज', म्हणजे माझ्या प्रोग्रॅमसाठी किती जागा उरली, तर उत्तर येतं ५८८८. बाइट. आजच्या पद्धतीने देवनागरी लिहिताना दर अक्षराला, दर काना-मात्रेला तीन बाइट लागतात. म्हणजे तीनेकशे मराठी शब्द. हा लेख तिथे धुराच्या परिच्छेदांपलीकडे फारसा सरकला नसता.

जागा वाढवून घ्यावी म्हटलं तर वाढवणार कुठे? गावठाणाचे नंबरच संपलेले. त्यावरचा एक मार्ग म्हणजे दुसरा प्रोसेसर आणायचा. आणि तो आणला की घरोघरी जो प्रश्न उभा राहतो तोच इथेही राहतो: चूल एक ठेवायची की वेगळी करायची?

एक चूल ठेवून संसार कसा चालतो त्याचं नामांकित उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टकार्ड. होय, तीच मायक्रोसॉफ्ट. १९८० मध्ये तिचं सर्वांत जास्त उत्पन्न या एका कार्डातून आलं होतं, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. अॅपल-२ या कॉम्प्युटरमध्येही ६५०२ च होता. पण कचेरीच्या कामाचे प्रोग्रॅम, वर्डस्टारसारखे, चालायचे सीपी/एम या व्यवस्थेवर, आणि ती चालायची झेड-८० सारख्या वेगळ्या घराण्यातल्या प्रोसेसरवर. सॉफ्टकार्ड म्हणजे झेड-८० बसवलेली एक पट्टी. ती अॅपलच्या खाचेत, बहुधा चौथ्या, खोचायची. किंमत ३४९ डॉलर.

या पट्टीवर स्वतःची मेमरी नव्हती. झेड-८० ने अॅपलचीच वापरायची. म्हणजे दोन सुगरणी, चूल एक, आणि एकीने रांधायला घेतलं की दुसरीने हात बांधून उभं राहायचं. इथपर्यंत ठीक. पण दोघींनाही डबे ठेवायला नेमकी पहिलीच फळी हवी होती. ६५०२ आपलं सगळं हाताशी लागणारं सामान पत्ता शून्यापासून पुढे मांडतो. सीपी/एमलाही आपला पसारा शून्यापासूनच मांडायचा असतो. तोडगा असा काढला की झेड-८० ने "शून्य" म्हटलं की पट्टीवरचं सर्किट परस्पर त्यात चार किलोबाइट मिळवून पुढची जागा उघडायचं. झेड-८० ला शेवटपर्यंत पत्ता लागत नसे की आपली पहिली फळी खरं म्हणजे कुठे आहे.

दुसरी अडचण जास्त मजेची. ६५०२ ला फार वेळ स्वस्थ उभं करता येत नाही. त्याच्या आतल्या नोंदी इवल्याशा विद्युतभाराच्या रूपात असतात आणि घड्याळाचे ठोके थांबले की त्या झिरपून जातात. माणूस विसरतो तसा तो विसरतो. पण झेड-८० ची एक सवय उपयोगी पडली. दर आज्ञा मेमरीतून उचलली की क्षणभर तो मेमरी ताजी करण्याच्या नावाखाली वाचणं-लिहिणं बाजूला ठेवतो. तेवढ्या फटीत ६५०२ ला एक ठोका देऊन जागं ठेवायचं, अशी सोय सॉफ्टकार्डात केली होती. स्वयंपाक करणारी पदराला हात पुसते तेवढ्यात दुसरीने कढईत एकदा कालथा फिरवून घ्यावा, तसं. ही करामत करणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. पण असा संसार मला स्वतःला झेपला नसता.

एकॉर्नने चूल वेगळी केली.

त्यामागे गरजही होती. बीबीसीला सीपी/एम चालवू शकणारं यंत्र हवं होतं आणि एकॉर्नचा जीव ६५०२ वर. मग त्यांनी यंत्राला एक खिडकी ठेवली: आज ६५०२ घ्या, उद्या झेड-८० हवा असेल तर या खिडकीतून जोडा. ही खिडकी म्हणजे ट्यूब. तिच्यातून जोडलेल्या प्रोसेसरकडे स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी आणि स्वतःचं घड्याळ असतं. मूळ यंत्राचा ६५०२ सेकंदाला वीस लाख ठोक्यांवर चालतो, जोडीला मिळणारा ६५०२ तीस लाखांवर. झेड-८० ची पेटी साठ लाखांवर. कुणाचा ठोका कुणाशी जुळायची गरज नाही. मूळ यंत्र मात्र अंगण सांभाळतं: कळफलक, पडदा, डिस्क, प्रिंटर, आल्यागेल्याची विचारपूस. नवा प्रोसेसर आत बसून फक्त प्रोग्रॅम चालवतो. एकॉर्नच्या कागदपत्रांत मूळ यंत्राला यजमान म्हटलंय आणि नव्याला चक्क बांडगूळ. आंब्यावर वाढणारं. सगळी आकडेमोड हे बांडगूळ करणार, आणि नाव मात्र हे! पाहुणा म्हणायला काय हरकत होती?

दोन घरांच्या भिंतीतल्या या खिडकीला चार झरोके आहेत. प्रत्येक झरोक्यात एक वस्तू ठेवायची जागा आणि एक पाटी: "माल आहे" किंवा "जागा आहे". यजमानाला हे सगळं मिळून अवघ्या आठ पत्त्यांवर दिसतं. पाहुण्याला पडद्यावर अक्षर उमटवायचं असेल तर तो पहिल्या झरोक्यात ते ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. या झरोक्याचा ओटा त्या बाजूने २४ बाइट लांब ठेवलाय, म्हणजे यजमान दुसऱ्या कामात असला तरी अक्षरांची रांग लावून ठेवता येते. दुसऱ्या झरोक्यातून मोठ्या मागण्या जातात: अमुक फाइल उघड, वेळ किती झाली सांग. तिसऱ्यातून फाइलीतला माल पोत्यांनी सरकतो. चौथा तातडीचा, चूक झाली किंवा माल पाठवतोय याची हाक मारायला. बस. दोघं एकमेकांच्या मेमरीत हात घालू शकत नाहीत. एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही, हवं ते झरोक्यातून मागायचं.

आता प्रत्यक्ष जोडणी. दुसऱ्या प्रोसेसरच्या एकॉर्नच्या मूळ पेट्या, यंत्राच्याच रंगाच्या आणि स्वतंत्र पॉवर सप्लाय असलेल्या, आपल्याकडे मिळणं अवघड. मी वापरला तो आजचा उतारा: बोटभर लांबीचा रास्पबेरी पाय झिरो, त्यावर 'पायट्यूबडायरेक्ट' नावाचा हौशी मंडळींनी लिहून फुकट वाटलेला प्रोग्रॅम, आणि मध्ये एक छोटी पट्टी. ही मधली पट्टी वगळायचा मोह होतो, तो टाळावा. बीबीसीच्या तारांवर ५ व्होल्ट खेळतात, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये दुभाषी नसेल तर पहिल्याच नमस्काराला पाय जळतो.

घाटावरच्या, बुलढाणा-चिखलीच्या वाचकांना पुढचं जरा कमी लागू. आम्ही घाटाखालचे. खामगावात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा सदरा काढताना अंगावर चटचट ठिणग्या उडतात. ती एक ठिणगी चिपच्या पायाला लागली तर दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही, आणि चिप कामातून जाते. कूलरने हवेत ओल येते खरी, पण उघड्या मशीनवर पाण्याचे तुषार नकोत. आर्थिंगवर भिस्त ठेवावी तर उन्हाळ्यात आर्थिंगचा खड्डाही कोरडा ठणठणीत. काकांनी आधी त्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, मग माझ्या मनगटाला एक वायर गुंडाळून ती आर्थिंगला जोडली. मी दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखा तीन तास त्या टेबलाशी होतो.

यंत्राच्या झाकणाचे स्क्रू 'फिक्स' असं कोरलेल्या भोकांत असतात, दोन मागे, दोन खाली. झाकण काढायचं कारण रॉम. ट्यूबवरून बोलायचं कसं, हे यजमानाला शिकवणारा प्रोग्रॅम एका चिपमध्ये असतो. दुसऱ्या प्रोसेसरसोबत डीएनएफएस नावाची रॉम येत असे ती हीच. ती नसेल तर पाहुणा दारात उभा, आणि घरात कुणाला त्याची भाषा येत नाही. कळफलकाच्या उजव्या अंगाला खाली रॉमच्या खाचांची रांग आहे. चिपला २८ पाय. नव्या चिपचे पाय बाहेर फेंगडलेले असतात. टेबलाच्या काठावर हलके दाबून ते सरळ केले नाहीत तर एखादा हमखास खाचेबाहेर मुडपतो आणि वरून दिसतही नाही. चिपची खाच शेजारच्या चिपच्या खाचेच्या दिशेलाच हवी. उलटी बसवली तर चटका बसेल इतकी तापते आणि मरते. मी दाबताना काका टॉर्च धरून प्रत्येक पाय मोजत होते, मोठ्याने, एकापासून अठ्ठावीसपर्यंत.

मग ट्यूबची चपटी केबल. ती आखूडच हवी. लांब केली तर तारांतले ठोके एकमेकांत मिसळतात. पायच्या कार्डावर फक्त तो प्रोग्रॅम घातला होता, लिनक्स वगैरे काही नाही. यजमानाचा एक ठोका अर्ध्या मायक्रोसेकंदाचा, आणि झरोक्यातून मागितलेला बाइट त्याच ठोक्यात समोर यायला हवा. "थांबा, आधी दुसरं काम उरकतो" म्हणणारी व्यवस्था तिथे कामाची नाही.

बटण दाबलं. 'बूऽ-बीप'. पडद्यावर आलं, 'बीबीसी कॉम्प्युटर'. ट्यूबचं नाव नाही.

केबल उलटी बसली असेल म्हणून काढून तपासली. सुलटीच होती. रॉम काढली, पाय पुन्हा मोजले, अठ्ठावीस. दुभाषी पट्टीचे टाके भिंगातून पाहिले. दीड तास गेला. चूक अगदी साधी होती, आणि ती माझ्या समजुतीत होती. यंत्र सुरू झालं की यजमान ट्यूबच्या पत्त्यावर एकदाच हाक मारतो, "आहे का कुणी?" उत्तर नाही आलं तर एकट्याने कामाला लागतो. त्याला जागं व्हायला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. पायला कार्डावरून प्रोग्रॅम वाचून उठायला काही सेकंद लागतात. पाहुणा अजून डोळे चोळतोय तोवर हाक मारून झाली. उपाय एका चिमटीचा: कंट्रोल धरून ब्रेकची कळ दाबायची. यजमान नव्याने उठतो, नव्याने हाक मारतो. दाबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ आली: 'एकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के'.

तोच प्रश्न पुन्हा विचारला, ८० अक्षरांच्या पडद्यावरच, 'प्रिंट हायमेम वजा पेज'. ३०७२०. पाचपट. पडद्याचे २० किलोबाइट यजमानाच्या घरात राहिले, डिस्कचा कारभारी तिथेच राहिला, आणि या घरात बेसिक सोडलं तर फक्त माझा प्रोग्रॅम. बेसिकसुद्धा यजमानाने आपल्या रॉममधून उचलून झरोक्यातून इकडे पाठवलं होतं, एकेक बाइट करत. शिदोरी बांधून दिल्यासारखं.

या सगळ्यात मला सर्वांत भावणारी गोष्ट पायच्या पोटात आहे. त्यातला प्रोसेसर एआरएम जातीचा, तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतो त्याच कुळातला. हे कूळ जन्मलं कुठे? एकॉर्नमध्येच. ६५०२ नंतर काय, याचा शोध घेताना विल्सन यांनी नव्या प्रोसेसरच्या आज्ञा ठरवल्या आणि त्या चालतात का हे पाहायला एक नक्कल लिहिली, बेसिकमध्ये, ट्यूबवर दुसरा ६५०२ जोडलेल्या बीबीसी मायक्रोवर. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्या चिपा कारखान्यातून आल्या. त्या लावल्या गेल्या त्याही बीबीसी मायक्रोच्या ट्यूबला, दुसरा प्रोसेसर म्हणून, आणि चालल्या. फर्बर यांनी चिप किती वीज खाते ते मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. वीज जोडायचीच राहिली होती. शेजारच्या तारांतून जी थोडी झिरपत होती तेवढ्यावर ती चिप काम करत होती. पुढे बॅटरीवरच्या यंत्रांत हे कूळ का पसरलं ते या एका शून्यात दिसतं. रास्पबेरी पायवाल्यांनी आपल्या पहिल्या मॉडेलांना 'ए' आणि 'बी' ही नावं दिली तीही बीबीसी मायक्रोच्या मॉडेलांवरून. तेव्हा माझ्या टेबलावर चाळीस पिनांच्या केबलीला लटकलेला तो बोटभर पाय म्हणजे माहेरपणाला आलेली लेक होती. आणि माहेरी येऊन ती करत काय होती, तर आपल्या म्हाताऱ्या ६५०२ ची हुबेहूब नक्कल.

"आता याच्यावर गेम लाव," भाचा म्हणाला. तो दुपारपासून त्याच आशेवर बसला होता.

लावला. गोळ्या सुटल्याचे, काहीतरी फुटल्याचे आवाज यायला लागले. पडदा मात्र काळाच.

"मामा, बंद पडलं का?"

पडलं नव्हतं. त्या काळचे बरेच गेम वेग मिळावा म्हणून यंत्राच्या कारभाऱ्याला न विचारता थेट पडद्याच्या मेमरीत चित्र काढायचे. या गेमनेही तेच केलं; फक्त तो आता दुसऱ्या घरात होता. पडद्याचा म्हणून जो पत्ता त्याला माहीत होता, त्यावर त्या घरात साधी भिंत होती. तो इमानेइतबारे तिच्यावर विमानं रंगवत होता आणि तिथे बघायला कुणी नव्हतं. आवाज मात्र त्याने रीतसर मागून घेतले होते, म्हणून ते झरोक्यातून बाहेर येत होते.

हे सगळं मी भाच्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती वायर काढली तर दिसेल?"

मी बटण बंद केलं, मनगटाची वायर ठीक आहे ना पाहिलं आणि केबल उपसली. 'बूऽ-बीप'. 'बीबीसी कॉम्प्युटर'. गेम लागला, विमानं दिसली. काकांनी टेस्टर खिशाला अडकवला, चहा मागवला आणि खुर्ची ओढून भाच्याशेजारी बसले. सात वाजेपर्यंत दोघं आळीपाळीने खेळत होते.